परसातील कोंबड्यांसाठी घरी बनविता येणारे स्वस्त खाद्यभांडे

तथागतांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे एक अंग आहे. आपल्या सभा-संमेलनांत शील, समाधी आणि प्रज्ञा यांवर पुष्कळ बोलले जाते. आजीविकेवर मात्र त्या मानाने कमी बोलले जाते, आणि बोलले तरी ते नोकरीच्या अर्जापाशी येऊन थांबते. ज्यांच्या घरी नोकरी नाही, शेत नाही, फक्त घरामागे दोन-चार खण मोकळी जागा आहे, अशा आपल्या भगिनींनी काय करावे, या प्रश्नाचे एक लहानसे उत्तर परसातील कोंबड्या हे आहे. उत्तर लहान आहे. परंतु ते फसते कुठे आणि टिकते कुठे, याचा अभ्यास केल्यास उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावर एक निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे की मोठा, एवढ्यावरून तो फायद्याचा की तोट्याचा हे ठरत नाही. त्या तुकड्यावर भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण काय आहे, यावर ते ठरते, असा त्यातील मुख्य युक्तिवाद आहे. हा विचार परसालाही लागू पडतो. दहा-बारा कोंबड्यांना जागा थोडी लागते, श्रम घरचेच असतात. राहता राहिले भांडवल. ते बहुतेक सगळे एकाच ठिकाणी जाते, ते म्हणजे खाद्य. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चापैकी साधारणपणे साठ ते सत्तर टक्के खर्च खाद्याचा असतो. म्हणून खाद्य ज्या भांड्यात घालायचे, त्या भांड्याचा विचार हा क्षुल्लक विचार नव्हे.

कोंबड्या घरात येतात आणि जातात का?

कोल्हापुरात शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. राज्यात अशी चार केंद्रे आहेत. इतर तीन पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. अशा केंद्रांतून, तसेच योजनांतून व खाजगी विक्रेत्यांकडून गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची पिले खेड्यापाड्यांत पोचतात. गिरिराज ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, तर वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने. आपली गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. सुधारित जाती याहून बरीच अधिक देतात. परंतु त्यांना खायलाही अधिक लागते. उकिरड्यावर उकरून जे मिळते तेवढ्यावर त्या भागत नाहीत.

येथेच अडचण सुरू होते. पिले येतात, घरातील सर्वांना कौतुक वाटते. पाच-सहा महिन्यांनी अंडी सुरू होतात. तोपर्यंत खाद्याचे पोते दोन-तीनदा आणून झालेले असते. आपण मूठभर खाद्य अंगणात फेकतो. त्यातले काही मातीत मिसळते, काही चिमण्या-कावळे नेतात, काही शेजारच्या कोंबड्या खातात आणि उरलेल्यावर पाय देऊन, विष्ठा करून आपल्याच कोंबड्या ते नासवतात. रात्री उंदीर-घुशी येतात त्या वेगळ्याच. महिनाअखेरीस घरधनीण म्हणते, "अंडी पाच रुपयांची आणि खाणं सात रुपयांचं," आणि मग एका बाजाराच्या दिवशी सगळ्या कोंबड्या विकल्या जातात. दोष कोंबडीचा नसतो, बाईच्या कष्टांचाही नसतो. दोष त्या फेकलेल्या मुठीचा असतो.

हिशेब मांडून पाहू. बारा कोंबड्या आहेत आणि बाहेर फिरून खाण्याशिवाय प्रत्येकीला रोज 60 ग्रॅम वरखाद्य देतो असे धरू. म्हणजे रोज 720 ग्रॅम. त्यातला सहावा हिस्सा वाया गेला तर रोज 120 ग्रॅम. एका दिवशी हे डोळ्यांत भरत नाही. वर्षाला मात्र ते 43 किलो 800 ग्रॅम होते. खाद्याचा भाव किलोला 35 रुपये धरला तर 1533 रुपये मातीत गेले. एवढ्या रकमेत मुलांच्या वर्षाच्या वह्या येतात. प्रत्येकाने आपल्या गावचा भाव आणि आपल्या कोंबड्यांची संख्या घालून हे गणित पुन्हा करावे.

चांगल्या खाद्यभांड्याची लक्षणे

भांडे विकतचे असो की घरचे, त्यात पुढील पाच गुण असले पाहिजेत.

1. कोंबडीला त्यात चोच घालता यावी, पाय घालता येऊ नये.
2. भांड्याच्या काठावर किंवा माथ्यावर तिला बसता येऊ नये. कारण बसली की ती तेथेच घाण करते.
3. काठाची उंची कोंबडीच्या पाठीच्या पातळीत असावी. काठ खाली असला तर ती उकरते आणि चोचीने खाद्य बाहेर उडवते. फार वर असला तर दुबळ्या कोंबड्या उपाशी राहतात.
4. खाद्य काठापर्यंत कधीही भरलेले नसावे. लांबट उघड्या भांड्यात ते एक तृतीयांशापेक्षा अधिक नसावे.
5. सर्व कोंबड्यांना एकाच वेळी खाता यावे. मोठ्या कोंबडीला लांबट भांड्यात सुमारे 10 सेंटिमीटर काठ लागतो. गोल भांड्यात याहून थोडा कमी चालतो.

पाचवा गुण विशेष महत्त्वाचा आहे. कोंबड्यांतही बळी तो कान पिळी असा प्रकार असतो. बलवान कोंबडी आधी खाते, दुबळीला टोचून हाकलते. जागा अपुरी असली की काही कोंबड्या लठ्ठ होतात आणि काही वाळत जातात. सर्वांना पुरेल एवढा काठ दिला की ही मारामारी बरीच कमी होते. व्यवस्था न्यायाची असली की दुबळ्यालाही त्याचा वाटा मिळतो. हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

भांडे पहिले : बादली आणि टब (10 ते 12 मोठ्या कोंबड्यांसाठी)

साहित्य : झाकण असलेली 10 लिटरची प्लॅस्टिकची बादली (श्रीखंड, लोणचे वगैरेंच्या रिकाम्या बादल्या मिठाईवाल्याकडे अथवा हॉटेलात मिळतात), सपाट तळाचा, सुमारे 37 सेंटिमीटर रुंद व 8 ते 10 सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचा टब, दोन नटबोल्ट व चार रुंद वॉशर, सव्वा मीटर जुनी रबरी नळी, एक वाडगा किंवा जुने नरसाळे, टांगण्यासाठी तार. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा इतर रसायनाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नये. बादली घरची असेल तर बाकीचे सामान दोन-तीनशे रुपयांच्या आत बसते.

कृती :

1. बादली व टब सोड्याने धुऊन उन्हात वाळवावेत.

2. बादलीच्या तळाच्या घेराला लागून, सारख्या अंतरावर पाच खुणा कराव्यात. तळ 22 सेंटिमीटर रुंद असेल तर घेर सुमारे 69 सेंटिमीटर भरतो, म्हणजे दर 14 सेंटिमीटरला एक खूण येते.

3. प्रत्येक खुणेवर 5 सेंटिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर उंच असे कमानीच्या आकाराचे भोक पाडावे. भोकाची खालची कड तळापासून अर्धा सेंटिमीटर वर असावी. तापवलेल्या सळईने कापणार असल्यास ते काम उघड्यावर करावे, कारण प्लॅस्टिकचा धूर बाधतो. लहान मुलांकडून हे काम करून घेऊ नये. कडा काचकागदाने घासून गुळगुळीत कराव्यात.

4. बादली टबच्या बरोबर मध्यभागी ठेवून दोन्हींच्या तळांतून दोन भोके पाडावीत आणि नटबोल्टने घट्ट बसवावे. वर व खाली दोन्हीकडे वॉशर घालावा, नाहीतर वजनाने प्लॅस्टिक फाटते. टबच्या तळाला तीन-चार बारीक छिद्रे पाडावीत. चुकून पाणी गेले तर ते निथळून जाईल.

5. बादलीच्या आत तळाशी वाडगा उपडा ठेवावा. नरसाळे असल्यास त्याची नळी कापून, भोक बुजवून ते उपडे ठेवावे. यामुळे मधले खाद्य अडून न राहता भोकांकडे घसरते.

6. रबरी नळी लांबीच्या दिशेने एका बाजूने चिरावी आणि टबच्या काठावर सर्व बाजूंनी बसवावी. काठ जाड व किंचित आत वळल्यासारखा झाला की कोंबडीला चोचीने खाद्य बाहेर उडवणे अवघड जाते.

7. झाकण लावून, बादलीच्या कडीला तार बांधून भांडे गोठ्याच्या किंवा पडवीच्या वाशाला टांगावे. काठ कोंबडीच्या पाठीच्या पातळीत आणावा. पिले वाढतील तसतशी तार आखडून घ्यावी. टांगण्याची सोय नसल्यास दोन-तीन विटांवर ठेवावे.

हे भांडे चालते कसे, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. यात यंत्र नाही, स्प्रिंग नाही. बादलीतले खाद्य स्वतःच्या वजनाने भोकातून बाहेर येते आणि टबात त्याचा उतरता ढीग होतो. ढिगाने भोकाचे तोंड झाकले की मागचे खाद्य थांबते. कोंबडी ढीग खाते, तोंड मोकळे होते, पुन्हा थोडे खाद्य उतरते. सुक्या धान्याचा किंवा भरड्याचा ढीग एका ठरावीक उतारापेक्षा अधिक उभा राहत नाही, या साध्या गुणधर्मावर सगळे अवलंबून आहे. म्हणूनच भोकाची वरची कड टबच्या काठापेक्षा बरीच खाली पाहिजे. ती काठाच्या वर गेली तर खाद्य टबबाहेर सांडेल. भरडा ओलसर झाला तर तो घसरत नाही, भोकात अडकून बसतो. पीव्हीसी पाइपला एल्बो जोडून केलेल्या भांड्यात ही अडचण अधिक येते. म्हणून ते आख्ख्या धान्यासाठी ठीक, बारीक भरड्यासाठी नको.

भांडे दुसरे : बांबूचे (पिलांसाठी)

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या भागांत बांबूला तोटा नाही. चांगला जाड बांबू दोन फूट लांब असा कापावा की दोन्ही टोकांना पेर येईल. वरचा तिसरा हिस्सा लांबीने चिरून काढावा आणि मधले पेर फोडून पन्हळ मोकळी करावी. पन्हळ डगमगू नये म्हणून दोन्ही टोकांना आडव्या काठ्या बांधाव्यात. पन्हळीच्या वर दोन बोटे अंतरावर एक गुळगुळीत गोल काठी दोन खिळ्यांवर सैल बसवावी. पिलू त्या काठीवर बसायला गेले की काठी फिरते आणि पिलू खाली उतरते. लहान पिलाला सुरुवातीला अडीच सेंटिमीटर काठ पुरतो आणि पुढे पाच सेंटिमीटर लागतो. दोन्ही बाजू धरून या पन्हळीला 120 सेंटिमीटर काठ मिळतो, म्हणजे वीस-पंचवीस पिलांची सोय आरामात होते.

भांड्यात काय घालावे?

भांडे कितीही चांगले असले तरी ते पोट भरत नाही, पोट खाद्याने भरते. अंड्यावरील कोंबड्यांसाठी घरी 10 किलो मिश्रण करावयाचे झाल्यास मक्याचा भरडा 5 किलो, तांदळाची कणी 1 किलो, भाताचा किंवा गव्हाचा कोंडा दीड किलो, सोयाबीनची पेंड 2 किलो 200 ग्रॅम आणि क्षारमिश्रण व मीठ मिळून 300 ग्रॅम घ्यावे. यातील मीठ 30 ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. या मिश्रणात सुमारे 17 टक्के प्रथिने येतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. कवचासाठी लागेल तेवढा कोंबडी आपणहून खाते.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन घरोघरी पिकते, म्हणून कच्चे सोयाबीन दळून घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. तो उष्णतेने नाहीसा होतो. कारखान्यातून आलेली पेंड ही तापवण्याच्या क्रियेतून गेलेली असते.

दुसरा इशारा बुरशीचा. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कारण शोधता शोधता ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचले. पेंडीवरील बुरशीने तयार केलेले विष, अफ्लाटॉक्सिन, हे ते कारण होते. आपल्याकडे चार महिने हवा ओलसर असते. 2019 आणि 2021 साली पंचगंगेच्या पुरात अनेकांची धान्याची पोती भिजली. असे भिजलेले, वास येणारे, गाठी झालेले धान्य किंवा पेंड "माणसाला नको तर कोंबडीला घाला" असे म्हणून घालू नये. वाळवले, भाजले तरी हे विष पूर्णपणे जात नाही. म्हणूनच आपली 10 लिटरची बादली पावसाळ्यात कधीही गच्च भरू नये. बारा कोंबड्यांना दोन-तीन दिवसांचे म्हणजे दोन किलोच्या आसपास खाद्य पुरे. दर आठवड्याला भांडे रिकामे करून पुसून काढावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भांडे दिवसभर भरून टांगले तर कोंबड्या बाहेर फिरावयाचे सोडतात आणि शंभर ग्रॅमच्या पुढे खातात. परसातील पालनाचा फायदा त्या किडे, गवत, सांडलेले दाणे वेचून खातात यात आहे. म्हणून सकाळी थोडे आणि दिवस मावळताना उरलेले असे मापून घालावे. संध्याकाळी ठरल्या वेळी बादलीवर दोनदा टकटक केले की आठवडाभरात कोंबड्या त्या आवाजाला घरी येऊ लागतात. शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरल्या म्हणून होणारी भांडणेही त्यामुळे कमी होतात. रात्री भांडे काढून घरात ठेवावे. म्हणजे उंदरांचे राज्य संपते.

खाद्याजवळ स्वच्छ पाणी हवेच. कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. पाण्याचे भांडे खाद्यभांड्यापासून थोडे दूर ठेवावे, म्हणजे खाद्य भिजत नाही.

रोगांच्या दृष्टीनेही झाकलेले भांडे हिताचे आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली, आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रानपक्ष्यांची विष्ठा खाद्यात पडू न देणे हा अशा साथींविरुद्धचा एक साधा उपाय आहे. मात्र भांडे म्हणजे लस नव्हे. राणीखेत म्हणजेच मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळच्या वेळी टोचून घ्यावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात न टाकता दवाखान्यास कळवावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

आमच्या लेखावर विश्वास ठेवू नये. 'या आणि पाहा' ही धम्माची शिकवण आहे. म्हणून स्वतः मोजून पाहावे. पहिले तीन दिवस उघड्या ताटात 700 ग्रॅम खाद्य मोजून घालावे. ताटाखाली प्लॅस्टिकचा मोठा कागद अंथरावा. कोंबड्या खाऊन गेल्यावर कागदावर सांडलेले खाद्य गोळा करून, माती-विष्ठा निवडून, किराणा दुकानातील काट्यावर तोलावे. पुढचे तीन दिवस तेच खाद्य, तीच वेळ, त्याच कोंबड्या. पण नवे भांडे. दोन्ही सरासरी वहीत मांडाव्यात. नव्या भांड्यातूनही अधिक सांडत असेल तर उंची, काठ आणि भोकांचा आकार यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजावे. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. दहावीच्या विज्ञान प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

दोन शंका

पहिली शंका पंचशीलाची. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार सांगितला आहे. मग कोंबड्या पाळाव्यात काय? बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्याच्या आधारे प्रत्येकाने स्वतः विचार करावा. ज्यांना केवळ अंड्यांसाठी कोंबड्या ठेवावयाच्या आहेत, त्यांनी हे जाणावे की कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, आणि अशा अंड्यातून पिलू कधीच निघत नाही. मात्र एका गोष्टीबद्दल दुमत होऊ नये. जो जीव आपण आपल्या दारात आणला, त्याला उपाशी, तहानेला किंवा नासक्या अन्नावर ठेवणे हे मैत्रीच्या विरुद्ध आहे. त्या अर्थाने हे भांडे शीलाचाही एक भाग आहे.

दुसरी शंका फायद्याची. कोणी एकदम शंभर पिले घेण्याचा, पैसे गुंतवण्याचा सल्ला देईल. 2019 साली शेजारच्या सांगली जिल्ह्यातून सुरू झालेल्या कडकनाथ प्रकरणात आपल्या जिल्ह्यातीलही अनेकांचे पैसे अडकले. अंडी आम्हीच घेऊ, दाम दुप्पट देऊ, असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. सहा कोंबड्यांपासून सुरुवात करावी, वही ठेवावी, आणि वही सांगेल तेव्हाच वाढवावे.

राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना याच कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढण्यास साह्य केले आणि स्वतः तेथे चहा घेतला, ही कथा आपण दरवर्षी जयंतीला सांगतो. त्यात महाराजांचा मोठेपणा आहेच. पण रोज पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या, कपबशा विसळणाऱ्या, दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या गंगारामांचाही त्यात मोठेपणा आहे. लहान धंदा अशा रोजच्या काटेकोरपणावरच उभा राहतो.

महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी शासनाने थांबवला. शाळेतले अंडे येईल आणि जाईल. घरच्या सहा कोंबड्या नीट सांभाळल्या तर त्या घरातील मुलाच्या ताटात मात्र अंडे पडत राहील. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. म्हणून पहिली अंडी बाजारात न नेता घरातील मुलामुलींना, आणि मुलाइतकीच मुलीलाही, द्यावीत. उरतील ती विकावीत.

संस्थेच्या प्रत्येक शाखेने एका रविवारी, वंदनेनंतर, एक बादली आणि एक टब घेऊन विहारात हे भांडे सर्वांसमोर करून दाखवावे, अशी नम्र सूचना आहे. तास-दीड तासाचे काम आहे. ज्या भगिनीच्या घरी कोंबड्या आहेत, तिला ते पहिले भांडे द्यावे आणि महिन्याने तिची वही सर्वांनी मिळून वाचावी.

जयभीम! नमो बुद्धाय!